पुरे म्हणायचं राहिलं

आमच्या अर्धापूरच्या शाळेत एक नवे गुरुजी आलेत. वय सत्तावीस, तोंडाला कुलूप म्हणून नाही. परवा मधल्या सुट्टीत डबा खाता खाता त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "मॅडम, लई सोपं हाय. एक रक्कम ठरवायची, पाच कंपन्या धरायच्या, पाचींत सारखे पैसे टाकायचे. एक बुडली तर चार तरतात." मी एवढ्या जोरात "गप बसा हो!" म्हणाले, की मुख्याध्यापकांनी तोंडाजवळ नेलेला घास खाली ठेवला. मग मीच ओशाळले. त्या पोराचा काय दोष? तो सांगत होता ते काही खोटं नव्हतं. त्यानं फक्त माझे वडील बघितले नव्हते.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. औशाच्या पलीकडं आमचं गाव. गावात लग्न असो नाहीतर तेरवी, बुंदीची परात नानांच्याच हातात यायची. तीन-चारशे पानांची पंगत बसली तरी पहिल्या पानावर जेवढी बुंदी, तेवढीच शेवटच्या पानावर. कधी कमी पडली नाही, कधी उरली नाही. लोक म्हणायचे, "नानाच्या हातात तराजू हाय." पंगतीचा आमच्याकडं एक नेम आहे. वाढप्यानं आपणहून थांबायचं नाही. पान रिकामं दिसलं की वाढायचं. जेवणाऱ्यानं पानावर हात आडवा धरला आणि "पुरे" म्हणाला, की मगच पुढं सरकायचं. पैशाअडक्यातलं नानांना जे काही येत होतं ते एवढंच, आणि तेवढ्यावर त्यांनी सगळा संसार रेटला.

भूकंपाचं मी फार सांगत नाही. ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगून कळत नाही. मी दहा वर्षांची होते. आमचं घर आणि चुलत्यांचं घर यांच्यात एकच भिंत, दगडामातीची, हातभर रुंद. भिंत पडली ती त्यांच्या बाजूला. नाना आधी आमच्या खोलीत शिरले, मला आणि मायला ओढून बाहेर काढलं, आणि मग पलीकडं धावले. तोवर चुलते-चुलती गेले होते. त्यांची पोरगी तेवढी कणगीच्या आडोशाला जिवंत सापडली. ती माझ्याहून सात महिन्यांनी मोठी. तिला मी अक्का म्हणते, आणि ती मला बारके म्हणते.

आधी इकडं, मग तिकडं. नानांनी आयुष्यात एकदाच उजवं-डावं केलं, आणि ते त्यांना जन्मभर पुरलं. कुणी त्यांना कधी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, एकदाचे भांडून तरी मोकळे झाले असते. त्याऐवजी ते घरात तोलून मापून वागायला लागले. मला फ्रॉक आणला की अक्काला त्याच ठाणातला. अक्काला ताप आला आणि तिला बिस्किटाचा पुडा आणला, तर मी ठणठणीत असून मलाही पुडा. माय चिडायची. "अवं, कशाला? हिला काय धाड भरलीय?" नाना ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि बिस्किटं मोजायचे.

आम्ही लातूरला आलो. तेव्हा लातुरात क्लासचं पीक यायला लागलं होतं. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येत होती, गल्लीतली प्रत्येक खोली भाड्यानं जात होती, आणि त्या पोरांना जेवायला लागत होतं. नानांनी मेस काढली. सकाळी गोणपाटावर साठ डबे उघडे मांडलेले, माय चुलीपाशी, आणि नाना पळी घेऊन त्या डब्यांच्या रांगेतून वाकून चाललेले. वरण घालून झालं की ते परत पहिल्या डब्यापासून बघत यायचे. ज्यात जास्त पडलं त्यातलं पळीभर काढायचं, ज्यात उणं त्यात घालायचं. भरल्यातलं काढा, उण्यात घाला. साठ आयांची पोरं, त्यातल्या एकाच्याही डब्याला नाव ठेवायला जागा नव्हती.

दाराजवळच्या फळीवर नानांनी एक पेला पालथा घातला होता आणि त्यावर एक ताटली ठेवलेली. जमीन हलली की ताटली पडणार, आवाज होणार आणि आम्ही पळणार. भूकंपानंतर आमच्याकडं घरोघरी असं काहीतरी होतं, पण वर्षा-दोन वर्षांत लोकांनी ते काढून टाकलं. नानांनी काढलं नाही. रस्त्यानं भरलेला ट्रक गेला की ताटली पेल्यावर थरथरायची, आणि आम्ही सगळे घास हातात धरून तिच्याकडं बघत बसायचो. ट्रक लांब गेला की नाना म्हणायचे, "जेवा, जेवा."

आता पैशाचं सांगते. अक्काच्या आईबापाचे सरकारकडून मिळालेले मदतीचे पैसे होते आणि गावाकडची आमची जमीन विकून आलेले पैसे होते. दोन्ही जवळजवळ सारखेच. नानांनी ते एकत्र केले आणि जाहीर करून टाकलं, की हे दोघी पोरींच्या डॉक्टरकीचे. सरकारी कॉलेजात नंबर लागला तर देवाची दया, नाही लागला तर खाजगीत फी भरायची. दोघींची, सारखी. माय म्हणाली, "बँकेत ठेवा की गप." पण बँकेच्या व्याजानं दोन डॉक्टर होत नव्हते, हे नानांनी बोटांवर मोजून काढलं होतं. त्यातच मेसमधल्या एका पोराचे वडील, कुठल्याशा कॉलेजात प्राध्यापक, जेवता जेवता त्यांना सांगून गेले, की शेअरमध्ये टाका, पण सगळे एकाच कंपनीत टाकू नका. हे नानांना फटकन पटलं. एका छपराखाली सगळे झोपल्यावर काय होतं ते त्यांनी बघितलं होतं.

गंजगोलाईच्या बाजारामागं जिना चढून एक शेअरचं कार्यालय होतं. तिथं फॉर्म भरून द्यायला एक चाचा बसायचे. शहरातलं जुनं घराणं, वडिलांचं घड्याळांचं दुकान होतं म्हणे. नाना त्यांना म्हणाले, "चाचा, पाच कंपन्या सांगा. पाची सारख्या वाढायच्या हायत." चाचांनी सिमेंटची एक, गोळ्या-औषधांची एक, खताची एक, सायकलच्या टायरची एक आणि काँप्युटरची एक, अशा पाच सांगितल्या. नानांनी रकमेचे पाच सारखे भाग केले. घरी येऊन मेसचे पाच जुने डबे घासले, त्यांवर पाच नावं चिकटवली, प्रत्येकात त्या त्या कंपनीचा कागद ठेवला आणि डबे फळीवर ओळीनं मांडले. पाचवा डबा त्या पालथ्या पेल्याला टेकून होता.

तिथंच त्यांनी थांबायला हवं होतं, असं मला आता वाटतं. पण वाढपी असा थांबतो होय? महिन्याच्या पहिल्या रविवारी मेसला सुट्टी असायची. त्या दिवशी नाना पेपरातलं बाजारभावाचं पान पसरून बसायचे. अक्का भाव वाचायची, मी गुणाकार करायची. ज्या कंपनीचा आकडा वाढला तिच्यातलं थोडं विकायचं, आणि जिचा घसरला तिच्यात घालायचं, की पाची पुन्हा सारख्या. सोमवारी सकाळी नाना जिना चढायचे.

आणि गंमत म्हणजे, पहिली दीड-दोन वर्षं हे नामी चाललं. काँप्युटरची कंपनी वेड्यासारखी वर जात होती. लोक म्हणायचे, नाना, तिला हात लावू नका, ती सोन्याची कोंबडी आहे. नाना दर महिन्याला तिच्यातलं काढायचे आणि टायरमध्ये, खतात घालायचे. चाचासुद्धा हसायचे. दोन डॉक्टर होतील आणि वर दवाखान्याला जागा होईल, एवढी रक्कम कागदावर दिसायला लागली. मायनं देवापुढं साखर ठेवली. मी आरशापुढं उभी राहून नानांचा पांढरा पंचा कोटासारखा खांद्यावर टाकून बघितला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग वारं फिरलं. आम्ही अकरावीत होतो. काँप्युटरची कंपनी उतरायला लागली. पहिल्या महिन्यात थोडी, दुसऱ्या महिन्यात निम्मी. नानांना त्यात काही विशेष वाटलं नाही. डबा उणा झाला, भरायचा. सिमेंटमधलं काढलं, औषधातलं काढलं आणि तिच्यात घातलं. पुढच्या महिन्यात तो डबा पुन्हा निम्मा. पुन्हा चारींतलं काढलं. चार डबे बिचारे चांगले कमावते होते, पण त्यांच्या कमाईला बरकतच राहिली नाही.

एका सोमवारी क्लास नव्हता म्हणून मी नानांबरोबर त्या कार्यालयात गेले होते. चाचांनी फॉर्म पुढं ओढला, आणि लिहायचं सोडून पेन खाली ठेवलं. म्हणाले, "नानासाब, नक्को डालो. फूटे मटके में कित्ता पानी डालते?"

नाना म्हणाले, "चाचा, उपाशी पान बघून पुढं जायचं व्हय? त्यानं पुरे म्हणलंय का अजून?"

"कंपनी पुरे नहीं बोलती, नाना," चाचा म्हणाले. "उसको पेट हैच नहीं."

नाना हसले. मला मात्र ते वाक्य खडा लागल्यासारखं लागलं.

त्याच आठवड्यात अक्का बोलली. ती माझ्यापेक्षा हुशार, सगळ्याच विषयांत, पण गणितात तर क्लासचे सर फळ्यावर अडले की तिच्याकडं बघायचे. तिनं वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. ही कंपनी अशीच पडत राहिली आणि काका असंच भरत राहिले, तर बारावी होईस्तोवर एकूण पैसा निम्म्याच्या खाली येईल. "बारके, पाचवा डबा गळायलाय गं," ती म्हणाली. "काकांना सांग."

"मी कशाला? गणित तुझं, तू सांग."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "मी कशी बोलू? मला ज्यांनी उचलून आणलं त्यांना मी हिशोब शिकवू?"

मी म्हणाले, "नानांना काय कळत न्हाई व्हय?" आणि अंगावर चादर ओढून घेतली. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मी बोलले आणि नानांनी त्या डब्यात घालणं थांबवलं, आणि दुसऱ्या महिन्यात कंपनी वर गेली, तर? माझी डॉक्टरकी माझ्याच जिभेनं घालवली असं झालं असतं. म्हणून मी सतरा वर्षांची घोडी गप राहिले. पुढचे आठ-नऊ महिने भाव वाचणारी अक्का आणि गुणाकार करणारी मी, आम्ही दोघी डोळ्यांदेखत ते बुडताना बघत होतो, आणि आमच्या तोंडून फक्त आकडे निघत होते. नाना आकडा ऐकायचे, मान हलवायचे आणि पळी फिरवल्यासारखा हात हवेत फिरवायचे.

बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर त्या कंपनीचं नाव पेपरातून गेलं. नाना भिंग घेऊन पान शोधत होते. दुसऱ्या दिवशी चाचांनी सांगितलं, की तिचा व्यवहारच बंद झाला. नाना घरी आले, फळीवरचा पाचवा डबा उतरवला, आतला कागद काढला, डबा घासला आणि मेसच्या डब्यांत मांडला. दुपारी त्यात कुणाला तरी भात-वरण गेलं असणार.

निकाल लागला. सरकारी यादीत आम्हा दोघींचं नाव नव्हतं. अक्काचं थोडक्यात हुकलं. एवढ्या थोडक्यात, की आजही तो आकडा मला लिहवत नाही. खाजगी कॉलेजात तिला पहिल्या फेरीलाच जागा होती. मलाही होती, शेवटच्या फेरीत, काठावर. नानांनी उरलेले चारही डबे रिकामे केले, सगळं विकलं आणि पैसे घरी आणले. मग आम्हाला दोघींना बोलावलं. माय चुलीपाशी पाठ करून बसली होती.

नाना म्हणाले, "एकीचं सगळं शिक्षण निघतंय. दोघींचं निघत न्हाई." एवढं बोलायला त्यांना लई वेळ लागला. कर्जाचा विषय मायनं काढला होता, पण मेसच्या जिवावर कोण देणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

अक्का लगेच म्हणाली, "काका, बारकीला द्या."

नानांनी माझ्याकडं बघितलं. मला सगळं माहीत होतं. तिचे मार्क जास्त आहेत हे माहीत होतं. त्या पैशातला निम्मा तिच्या आईबापाच्या जिवाचा आहे हे माहीत होतं. नाना आपल्या तोंडानं "अक्काला" असं म्हणू शकत नाहीत आणि "तुला" असंही म्हणू शकत नाहीत, हेही मला कळत होतं. मी फक्त "न्हाई, अक्काला द्या" एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण मला डॉक्टर व्हायचं होतं हो! दुसरं काही कारण नाही. नानांनी अक्काचं ऐकलं असतं तर मी ते पैसे घेतले असते, मान खाली घालून का होईना, पण घेतलेच असते. मी मूग गिळून जमिनीकडं बघत बसले. बाहेरून एक ट्रक गेला, ताटली थरथरली, थांबली. तरी नाना थांबलेच होते.

मग त्यांनी पैशाचे दोन सारखे भाग केले. एक तिच्यापुढं ठेवला, एक माझ्यापुढं.

त्या अर्ध्यात मी डी.एड. केलं. त्या अर्ध्यात अक्का नर्सिंगला गेली. लोक म्हणाले, वा! नानानं पोरकीला रतीभर कमी केलं नाही. खरंच नव्हतं केलं. मला त्या कौतुकाची चीड यायची आणि अजून येते.

पुढचं सगळं सरळच झालं. मला अर्धापूरला नोकरी लागली, अक्काला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात. दोघींची लग्नं एकाच मांडवात, सारख्या साड्या. माय गेल्यावर मेस बंद झाली आणि नाना माझ्याकडं आले. येताना पळी आणली होती आणि तो पेला-ताटलीही. आमच्याकडं केळीच्या बागा, ट्रक दिवसरात्र चालू. ताटलीनं नातवंडांना वेड लावलं.

सहा वर्षांपूर्वी नाना पडले. त्यांना नांदेडला अक्काच्या वॉर्डातच ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर फेरीला आले. कागदावरचं नाव वाचून चमकले आणि एकदम वाकून नानांच्या पायाला हात लावला. "नाना, ओळखलं का? दोन वर्षं तुमचा डबा खाल्लाय मी. तुमच्या वरणावर डॉक्टर झालो." नानांचं तोंड फुललं. चाळिशीचं का होईना, पण ते पोर त्यांच्या साठ पोरांतलं होतं. हात धरून त्यांनी विचारलं, "पुरत होतं का बाबा?" डॉक्टर म्हणाले, "पोटभर." मग मागं वळून म्हणाले, "सिस्टर, यांना सलाईन लावा. आणि जरा लवकर."

"हो सर," अक्का म्हणाली, आणि बाटली आणायला गेली.

नाना तिच्या पाठीकडं बघत राहिले. दारातून ती दिसेनाशी झाली तेव्हा त्यांनी मान माझ्याकडं वळवली. आवाज बसला होता, मला वाकावं लागलं.

"त्या दिशी म्या लई येळ थांबलो होतो गं," ते म्हणाले. "तुझा हात आडवा येतो का म्हणून."

मी म्हणाले, "मला कळलं होतं, नाना. तवाच कळलं होतं."

त्यांनी डोळे मिटले. रागानं नाही. राग असता तर मी सोसला असता.

अक्का बाटली घेऊन आली. तिनं नानांचा हात उलथा केला, शीर शोधली, एका टोचण्यात सुई बसवली आणि चिकटपट्टी लावता लावता माझ्याकडं बघितलं. "काय गं बारके, डोळे का पुसायलीस? काय म्हणत होते काका?"

मी म्हणाले, "काही न्हाई गं अक्का."